पंचनाम्याबाहेरचे मन
कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने २००५, २०१९ व २०२१ साली शिरोळ तालुक्यातील ज्या कुरुंदवाडास वेढिले, तेथे पंचनामा होतो तो पडक्या भिंतींचा व कुजलेल्या उसाचा. परंतु निद्रानाश व कर्जाची धास्ती घटकाभर विसरावी म्हणून जो मनुष्य दारूकडे वळतो आणि त्या क्षणिक शमनाचीच सवय जडून पुढे केवळ अस्वस्थता टाळण्यासाठी पीत राहतो, त्याच्या मनाची नोंद सरकारी दप्तरी सहसा होत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा परवाने व मुद्देमाल पाहतो; मन पाहणे हे त्याचे कामच नव्हे. याउलट, अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनास आजार मानून उपचारांत कुटुंबासही सामील केले. शिरोळ तहसिलीने पुढील पंचनाम्यास तलाठ्यासोबत समुपदेशकही धाडावा. खर्च, आमच्या मते, फारसा नाही.