रांधणारीच्या ताटात काय उरते?

1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितले. तेच माप आज आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहा. रांधणारी सगळ्यांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला नुसता रस्सा आणि सकाळची भाकर येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर, धाप, थकवा हे 'बायकांचे असतेच' म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. गोळ्या दिल्या तर नियमाने घ्या.

त्यासोबत ताटही बदलायला हवे. महागडी पावडर नको. रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरते. रक्तासाठी डाळ, मोडाची मटकी, हरभरे, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा कलेजी हवी. जेवताना लिंबू पिळा, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. चहाने ते अडते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. महिन्याचा किराणा भरताना बिस्किटपुडे, वेफरच्या आधी डाळ-शेंगदाणे घ्या.

भाजी कमी असेल तर कमीच सही, पण घरात जितकी माणसे तितके सारखे वाटे आधीच करा. हे एकट्या बाईने सांगून होत नाही. पुरुषांनी वाढायला बसावे. विहारात आपण समतेवर बोलतो. येत्या रविवारी वंदनेहून घरी आल्यावर पहिले ताट तिला वाढा.