अर्ध्या सेकंदाचा हिशेब

स्पोर्ट्स कारमध्ये मॅन्युअल गिअर म्हणजे निव्वळ जुनाट हट्ट, असे मागील अंकातील एका पत्रात म्हटले आहे. ऑटोमॅटिक अधिक वेगवान, हा त्यातला मुद्दा बिनतोड आहे. पोर्शची २०२१ ची ९११ जीटी३ पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर शून्यावरून ताशी १०० किमीचा वेग ३.४ सेकंदांत गाठते, मॅन्युअलवर ३.९. पीडीकेत दोन क्लच असतात, एकाकडे सम गिअर, दुसऱ्याकडे विषम. त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो. माणसाचा हात तिथे पोहोचणे शक्य नाही.

पण मॅन्युअलला ग्राहकच उरला नाही, हे साफ चूक. पोर्शने २०१३ मध्ये जीटी३ फक्त पीडीकेसह आणली. २०१६ मध्ये मॅन्युअलची ९११ आर काढली, अवघ्या ९९१ गाड्या. त्या हातोहात संपल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला.

शर्यतीच्या ट्रॅकवर सेकंद मोजणाऱ्याने, किंवा रोज कोंडीत अडकणाऱ्याने पीडीकेच घ्यावी. मात्र घाटवळणाआधी ब्रेक दाबत असतानाच त्याच पायाने अ‍ॅक्सिलरेटर टोचायचा, इंजिनाचे फेरे जुळवायचे आणि खालचा गिअर अलगद बसवायचा, हे कौशल्य मेहनतीने कमवावे लागते. ज्याला गाडी चालवण्यातच आनंद आहे, त्याने त्यासाठी अर्धा सेकंद सोडला तर त्याला हट्टी का म्हणायचे?

— एक वाचक, पुणे