घडामोडी दारात, अभ्यास परगावी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेचा अभ्यासक्रम उघडला की पहिलीच ओळ दिसते ती राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडींची. या एका ओळीवर आज केवढा मोठा बाजार उभा राहिला आहे! मासिक पुस्तिका, सहामाही संकलने, वार्षिक खंड आणि परीक्षा तोंडावर आली की 'वर्षभराची उजळणी एका दिवसात' असे आश्वासन देणारे वर्ग. डहाणूहून निघून बोईसर, पालघर करीत चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत अशी पुस्तिका गुडघ्यावर ठेवून ओठांतल्या ओठांत पुटपुटणारे तरुण आता सर्रास दिसतात. त्यांच्या जिद्दीचे कौतुकच केले पाहिजे. पण त्या पुस्तिकेत असते काय? वाढवण बंदर – खर्च इतका, भूमिपूजन अमुक दिवशी. तारापूर – देशातील पहिले अणुवीज केंद्र. पापलेट – महाराष्ट्राचा राज्य मासा. शिरगावच्या मुलाने ज्या घडामोडी परगावी छापलेल्या पुस्तिकेतून घोकायच्या, त्या सगळ्या त्याच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर घडत आहेत. ही विसंगती कुणालाच खटकत नाही, याचेच आश्चर्य वाटते.

प्रश्न केवळ अभ्यासपद्धतीचा असता, तर त्यासाठी ही जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण आकडे पाहा. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षा दिली ५,८३,२१३ जणांनी. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८४५ आणि अंतिम यादीत आले १,००९. म्हणजे अर्ज करणाऱ्या हजारांमागे एक. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या हाती काय राहते, हा खरा प्रश्न आहे. घोकलेल्या तारखा तर वर्षभरात शिळ्या होतात. मात्र घटनेचा अर्थ लावण्याची सवय जडली असेल, तर ती शिक्षकाला, वकिलाला, पत्रकाराला, ग्रामपंचायत सदस्याला जन्मभर पुरते. म्हणूनच उजळणी म्हणजे काय, हे नीट ठरवले पाहिजे.

तारापूरचेच उदाहरण घेऊ. १९६९ साली हे केंद्र सुरू झाले, एवढे पाठ करून एक गुण मिळेलही. पण तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या सहकार्याने उभ्या राहिल्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे, असा करार होता. १९७४ साली पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेचा हात आखडत गेला. १९७८ साली तेथे अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा झाला आणि पुरवठा बंद पडण्याची वेळ आली. पुढे इंधनासाठी फ्रान्स, चीन आणि रशिया यांचे दरवाजे भारताला ठोठावावे लागले. २००५-०६ मध्ये तिथेच ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, त्या स्वदेशी बनावटीच्या आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. २००८च्या भारत-अमेरिका नागरी अणुकरारावर देशभर जे रान उठले, त्याची पार्श्वभूमी अशी बोईसर स्थानकापासून काही किलोमीटरवर सापडते. परराष्ट्र धोरण, ऊर्जा, तंत्रज्ञान, स्वावलंबन हे चार विषय एका गावाच्या नावाशी बांधले गेले की त्यांची उजळणी वेगळी करावी लागत नाही. आणि या प्रकल्पासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुनर्वसनावरील प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

वाढवणचेही तसेच. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या बंदराला मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. पुस्तिका येथे थांबते. अभ्यास येथून सुरू होतो. प्रमुख बंदरे हा केंद्र सूचीतील विषय, तर इतर बंदरे समवर्ती सूचीतील, असे का? १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार तेथे स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. या पंचवीस वर्षांत बदलले काय? किनाऱ्याजवळ मिळणारी नैसर्गिक खोली आणि मोठ्या मालवाहू जहाजांसाठी परदेशी बंदरांवर अवलंबून राहण्याची देशाची अडचण हा एक पक्ष. मासेमारीची जागा जाईल ही कोळी बांधवांची धास्ती हा दुसरा. देशाला बंदर हवे, यात शंका नाही. पण ज्यांच्या दारातून विकासाचा रस्ता जातो, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची रीतही देशाला हवीच. हे दोन्ही पक्ष प्रामाणिकपणे मांडता येणे, यालाच मुख्य परीक्षेत चांगले उत्तर म्हणतात आणि प्रशासनात चांगला अधिकारी.

शिरगावला लागूनच सातपाटी आहे. तेथील पापलेटची कीर्ती दूरवर पोहोचलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा घोषित झाला. ही सामान्यज्ञानाची एक ओळ झाली. पण लहान पिले जाळ्यात ओढली जाऊ लागल्याने हा मासा कमी होत गेला, म्हणून त्याच्या संवर्धनाची गरज निर्माण झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी का असते, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आणि त्यापलीकडची केंद्राच्या अखत्यारीत का, हे प्रश्न सातपाटीच्या बंदरावर कुणीही वडीलधारा तांडेल आपल्या भाषेत समजावून सांगेल. आणि शिरगावचा किल्ला तर गावातच उभा आहे. १७३९च्या प्रारंभी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही पोर्तुगीज ठाणी एकामागून एक मराठ्यांनी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. मुख्य ठाण्याला हात घालण्यापूर्वी किनाऱ्यावरची लहान ठाणी मोकळी करायची, हा त्या मोहिमेतील विचार ज्याला उमगला, त्याला किनाऱ्याचे सामरिक महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

मग उजळणी करायची कशी? आमच्या मते, एका घटनेला एक पान द्यावे आणि त्या पानावर चार प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहावीत. ही घटना कोणत्या कायद्याशी किंवा घटनेतील कोणत्या तरतुदीशी जोडलेली आहे? तिच्यामागचा इतिहास कोणता? भूगोल कोणता? आणि तिचा लाभ कुणाला, झळ कुणाला? आठवड्याने पान मिटून ते आठवणीने पुन्हा लिहावे. महिन्याने दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगावे. परीक्षेआधी फक्त चुकलेली पाने वाचावीत. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. अर्धवट आठवणाऱ्या तारखा तेथे घात करतात, समजलेली गोष्ट सहसा दगा देत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक केली आहे. पर्यायांवर गोळे रंगवून अधिकारी होण्याचे दिवस तेथेही मागे पडले.

येथे भाषेचा मुद्दा येतो. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशींनंतर १९७९ सालापासून मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीसह भारतीय भाषांतून लिहिण्याची वाट खुली झाली. २०१३ साली या सवलतीला कात्री लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून विरोध झाला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण हक्क टिकवणे वेगळे आणि तो वापरण्याजोगी सामग्री भाषेत निर्माण करणे वेगळे. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका आजही हिंदी आणि इंग्रजीतच असते. तेव्हा मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने संज्ञा दोन्हीकडच्या शिकाव्यात, परंतु विषय समजून घ्यावा तो आपल्या भाषेत.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून बोलली पाहिजे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला. नियम मोडून चालणाऱ्या जागा आणि त्याकडे डोळेझाक करणारी यंत्रणा यांची चर्चा चार दिवस झाली. पण घरापासून शेकडो कोसांवर, खुराड्यासारख्या खोल्यांत, आई-वडिलांची पुंजी खर्चून मुले जातात कशासाठी? पुष्कळदा अशा माहितीसाठी, जी सरकारी प्रसिद्धिपत्रके, आर्थिक पाहणी अहवाल, 'योजना' आणि 'लोकराज्य'सारखी नियतकालिके आणि एक चांगले वृत्तपत्र यांतून गावातही मिळू शकते. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांची मर्यादा आणि सहा संधी आहेत. त्या सहाही संपवून, दुसरे कोणतेही कौशल्य हाती नसलेला बत्तीस वर्षांचा मुलगा घरी परततो, तेव्हा त्या घरात काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले असेल. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर कोणती वाट धरायची, हे पालक आणि मुलांनी एकत्र बसून पहिल्याच दिवशी ठरवावे. यात अपशकुन नाही, शहाणपण आहे.

आणि समाज म्हणून आपण काय करणार? यशस्वी उमेदवाराची मिरवणूक काढणे, शाल-श्रीफळ देणे हे आपल्याला चांगले जमते. निकालाच्या आधीची चार-पाच वर्षे मात्र तो मुलगा एकटाच असतो. पालघर-बोईसर पट्ट्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, अणुवीज केंद्रात उमेदीची वर्षे घालवलेले अभियंते आहेत, वकील आहेत. गावातील शाळेची एक खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, टेबलावर चार वृत्तपत्रे आणि एका घडामोडीवर दीड तास चर्चा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. त्यासाठी देणगीची पावतीपुस्तके छापावी लागत नाहीत; नियमितपणे येणारी दोन माणसे लागतात. कार्यकर्त्यांनी ही दोन माणसे व्हावे. शिरगावची मुले जव्हार-मोखाड्याच्या मुलांसोबत बसू लागली, तर कुपोषण आणि पेसा कायदा हे विषयही पुस्तकातून उठून समोर येतील.

उद्या यांतलाच कुणी जिल्हाधिकारी होऊन एखाद्या किनारी जिल्ह्यात जाईल. समोर बंदराचा नकाशा असेल आणि दाराबाहेर मच्छीमार उभे असतील. त्या वेळी प्रकल्पाचा खर्च किती कोटी, ही पाठ केलेली ओळ त्याच्या कामी येणार नाही. आपल्या गावात हा प्रश्न त्याने डोळ्यांनी पाहिला होता का, दोन्ही बाजूंनी त्याचा विचार केला होता का, यावरच त्याचा निर्णय अवलंबून राहील. आणि जो अधिकारी होणार नाही, तो त्या दाराबाहेरच्या लोकांच्या वतीने नीट, मुद्देसूद बोलू शकेल. देशाला या दोघांचीही गरज आहे.