ऐकू येणारे इंग्रजी आणि माणसांची वर्णने

दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील निबंध बरा लिहिता येतो, उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे देता येतात, प्रसंगी कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोगही करता येतो. परंतु दोन माणसे आपापसांत इंग्रजीत सहज बोलू लागली म्हणजे त्याच्या हाती त्यातले चार सुटे शब्द तेवढे लागतात. ही अवस्था भारतात सर्वत्र आढळते, म्हणून तिचे कोणाला विशेष वाटत नाही. जबलपूरच्या जुन्या वस्तीतील दीक्षितपुऱ्यासारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात मात्र ती विशेष विचार करण्यासारखी आहे. त्या घरातील मूल शाळेत पाऊल टाकते ते दोन भाषांचा कान घेऊनच. आई-आजीशी मराठी, दाराबाहेरच्या गल्लीत बुंदेली वळणाची हिंदी, असा त्याचा व्यवहार तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून चाललेला असतो. एका वाक्यातून दुसऱ्या भाषेच्या वाक्यात त्याला कोणी व्याकरण न शिकवता जाता येते. असे तयार झालेले श्रवणेंद्रिय इंग्रजीच्या तासाला मात्र निरुपयोगी ठरते, किंबहुना ते वापरायचेच नाही असा अलिखित नियम असतो. हा दोष मुलाचा नव्हे, शिक्षणक्रमाचा आहे.

जबलपुरातील मराठीला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा नागपूर ही त्याची राजधानी होती. त्यामुळे नोकरी, वकिली, अध्यापन यांच्या निमित्ताने नागपूर-जबलपूर ही वाट मराठी माणसाच्या पायाखालची राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे आणि जबलपूर दुसरीकडे गेले. नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि येथील मराठी कुटुंबे कायमची अल्पसंख्य झाली. शिक्षणाची आस्था या नगरात नवी नाही. हितकारिणी सभेची स्थापना १८६८ सालची आहे. इंग्रजीच्या ज्ञानाला येथे प्रतिष्ठा होती आणि आहे. प्रश्न आहे तो हे ज्ञान डोळ्यांपुरतेच का राहिले हा.

याच नगराशी निगडित असलेला एक जुना दाखला या संदर्भात आठवावासा वाटतो. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याचे कार्यक्षेत्र जबलपूर होते. ठगांच्या गुप्त बोलीचा त्याने तयार केलेला शब्दसंग्रह ‘रामासीआना’ या नावाने १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही बोली त्याला कोणत्याही पुस्तकात मिळणे शक्य नव्हते. माफीचे साक्षीदार झालेल्या माणसांच्या तोंडून, प्रश्नोत्तरांतून त्याने ती मिळवली. आणि फरारी माणूस ओळखायचा तर त्याचे वर्णन नेमके कळणे भाग होते, म्हणून माणसांची वर्णनेही त्याच संभाषणांतून गोळा झाली. स्लीमनच्या कार्याविषयी आजच्या इतिहासकारांनी घेतलेले आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत, परंतु तो येथील विषय नव्हे. लक्षात घ्यायचे ते इतकेच की, ज्याला परकी बोली खरोखरच समजून घ्यायची गरज पडली त्याने कानाने सुरुवात केली. आणि तेच राज्य आपली भाषा येथील मुलांना शिकवू लागले तेव्हा तिने डोळ्यांचा रस्ता धरला.

त्याला कारणे होती. मराठी घराघरांत पोहोचलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडी समजावून दिली. तिचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु भाषांतरात वाक्य स्थिर असते. ते पुन्हा पुन्हा वाचता येते, कर्ता कोठे, क्रियापद कोठे हे शोधायला अवधी मिळतो. बोललेले वाक्य थांबत नाही. पुढे मायकेल वेस्ट याने बंगालमधील अनुभवावरून १९२६ मध्ये असे प्रतिपादन केले की, भारतीय विद्यार्थ्याला बोलण्यापेक्षा वाचनाची गरज अधिक आहे. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती निदान वाचन तरी लागावे, हा त्यातील विचार सहृदय होता. हॅरल्ड पामर याने १९२१ मध्येच मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला होता. परंतु परीक्षेला वाचन सोयीचे, श्रवण गैरसोयीचे, त्यामुळे जय कोणाचा होणार हे ठरलेलेच होते. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने शिक्षकांना मौखिक सरावाचे महत्त्व पटवून दिले, तरी वर्गात पोहोचेपर्यंत त्या सरावाचे सामूहिक घोकंपट्टीत रूपांतर झाले. अगदी अलीकडे, २०१३ च्या सुमारास, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ऐकणे व बोलणे यांचे स्वतंत्र मूल्यमापन सुरू केले. काही वर्षांतच ते स्वतंत्र राहिले नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, हे आपल्या शाळांचे जुने अर्थशास्त्र आहे.

मग सुरुवात कोठून करावी? माणसाच्या वर्णनापासून, असे उत्तर देता येते, आणि त्याला भक्कम आधार आहेत. पहिला असा की, या बाबतीत शिकणारा रिकाम्या हातांनी येत नाही. माणसे न्याहाळणे व त्यांच्याविषयी बोलणे हा मराठी भाषेचा आवडता उद्योग आहे. उभट चेहरा, निमगोरा रंग, घारे डोळे, अपरे नाक, शेलाटा बांधा, काटकुळा, धिप्पाड, ठेंगणाठुसका अशी ही शब्दसंपत्ती हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीपासून ‘माणदेशी माणसं’ आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ यांसारख्या ग्रंथांपर्यंत पसरलेली आहे. दुसरा आधार असा की, इंग्रजी संभाषण समजण्यातील बहुतेक अडचणी या एका विषयात एकवटलेल्या आहेत. त्या येथे सुटल्या तर इतरत्रही सुटू लागतात.

‘तो कसा आहे?’ हा मराठी प्रश्न घ्यावा. आजारी माणसाविषयी विचारला तर त्याचा अर्थ प्रकृती, नव्या शेजाऱ्याविषयी विचारला तर स्वभाव, स्थळ सांगून आलेल्या मुलाविषयी विचारला तर रूपासकट सर्व काही. इंग्रजीत याच्या वाटण्या होतात. ‘हाउ इज ही?’ म्हणजे प्रकृती, ‘व्हॉट इज ही लाइक?’ म्हणजे स्वभाव, ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ म्हणजे दिसणे. आणि ‘व्हॉट डझ ही लाइक?’ म्हणजे त्याला काय आवडते. शब्द जवळजवळ तेच, अर्थ चार. छापील पानावर हा भेद पाचव्या मिनिटाला समजतो. बोलण्यात मात्र ‘इज’ आणि ‘डझ’ हे इतके पुसट उच्चारले जातात की ‘लाइक’ एवढाच शब्द कानावर आदळतो आणि विद्यार्थी मित्राच्या स्वभावाऐवजी त्याच्या आवडीचे पदार्थ सांगू लागतो. मुलाखतीत असे झाले म्हणजे समोरचे हसतात, आणि ज्ञान असूनही ती मुलगी वा तो मुलगा अज्ञानी ठरतो. वर्षानुवर्षांच्या कष्टांचा निकाल असा अर्ध्या सेकंदात लागतो.

मराठीत माणूस उंच, झाडही उंच आणि डोंगरही उंच. इंग्रजीत माणसासाठी ‘हाय’ चालत नाही, ‘टॉल’ लागतो. ‘तो घाऱ्या डोळ्यांचा आहे’ यातील ‘आहे’ इंग्रजीत नेले की ‘ही इज’ होते आणि वाक्य बिघडते; तेथे ‘ही हॅज’ हवे. यात भर अशी की बोलताना ‘ही इज’ आणि ‘ही हॅज’ या दोहोंचा अनेकदा ‘हीज’ असा एकच उच्चार होतो. ‘हीज टॉल’ यात तो ‘इज’ आहे, ‘हीज गॉट अ बिअर्ड’ यात ‘हॅज’. शिवाय त्याला अगदी लागून ‘हिज’ म्हणजे ‘त्याचा’. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण लेखनात कसोशीने पाळतो, शुद्धलेखनात त्यासाठी गुणही कापतो. पण उच्चारात मराठी माणूस तो क्वचितच पाळतो. अशा कानाला ‘हीज’ आणि ‘हिज’ वेगळे ऐकू यावेत ही अपेक्षा शिकविल्याशिवाय पुरी होणार नाही. इंग्रजीत जोर महत्त्वाच्या शब्दावर पडतो आणि बाकीचे शब्द गिळले जातात. मराठीत आणि हिंदीत प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी न्याय मिळतो. ‘इंग्रज फार भरभर बोलतात’ या तक्रारीचे मूळ बरेचसे येथे आहे.

जबलपूरच्या मराठी मुलाजवळ एक साधन मात्र असे आहे की, ज्याकडे आजवर लक्ष गेलेले दिसत नाही. हिंदीत ‘उसकी बहन’ म्हटले तर बहीण मुलाची की मुलीची हे शब्दावरून कळत नाही. ‘की’ हा प्रत्यय बहिणीला अनुसरतो. हिंदीच्या वळणाने इंग्रजी बोलणारा म्हणून मुलाच्या बहिणीलाही ‘हर सिस्टर’ म्हणून जातो. मराठीत ‘त्याची बहीण’ आणि ‘तिची बहीण’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत. मालक कोण हे शब्दाच्या पूर्वार्धात सांगितले जाते, वस्तूचे लिंग उत्तरार्धात. इंग्रजीने यातील पूर्वार्ध ठेवला आणि उत्तरार्ध टाकला, एवढे सांगितले की ‘हिज’ व ‘हर’ यांचा गोंधळ मराठी मुलाच्या बाबतीत पुष्कळसा मिटतो. परंतु हे सांगण्यासाठी वर्गात मराठीचे नाव तरी निघाले पाहिजे. इंग्रजीच्या तासाला मातृभाषा बोलणाऱ्यास दंड करणाऱ्या शाळा स्वतःच्या हाताने हे साधन फेकून देतात. घरातही मराठी मागे सारून मोडके इंग्रजी बोलण्याची जी नवी हौस दिसते, तिच्यातून इंग्रजी येत नाही आणि मराठी जाते.

आदरार्थी बहुवचनाची गोष्ट याहून नाजूक आहे. मराठी घरात आई ‘ती’ असते, वडील बहुधा ‘ते’ असतात, शाळेतील बाई ‘त्या’ असतात. वडिलांना ‘ही’ आणि ‘इज’ लावताना मुलाची जीभ अडखळते, आणि ‘माय फादर आर टॉल’ असे वाक्य जन्माला येते. व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक. संस्काराच्या दृष्टीने ती सभ्यता. शिक्षकाने लाल रेघ ओढण्यापूर्वी हे समजून घ्यावे. काका, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान या सर्वांना एका ‘अंकल’मध्ये कोंबले की मराठी श्रोत्याला माणूस हरवल्यासारखे वाटते, कारण मराठी वर्णन ‘कोणाचा कोण’ येथून सुरू होते आणि इंग्रजी वर्णन बहुधा ‘दिसतो कसा’ येथून. संभाषण समजण्यासाठी शब्दांइतकाच हा क्रमही कानाला परिचित व्हावा लागतो.

येथे एक धोका आहे. माणसांचे वर्णन हा विषय वर्गात आणला की रंग आणि शरीर यांची चर्चा अटळ ठरते. ‘गव्हाळ’ या शब्दापासून भारतीय इंग्रजीने ‘व्हीटिश’ बनवला तो विवाहाच्या जाहिरातींसाठी. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले. चाळीस मुलांसमोर एका मुलीकडे बोट दाखवून ‘शी इज डार्क’, एका मुलाकडे दाखवून ‘ही इज फॅट’ असा सराव घेणारा शिक्षक भाषा शिकवीत नाही, घाव घालतो. आणि ज्याच्यावर घाव बसतो तो त्यानंतर त्या तासाला तोंड उघडत नाही. इंग्रजीत ‘थिन’, ‘स्लिम’ व ‘स्किनी’ यांत जो भेद आहे, तोच मराठीत ‘बारीक’, ‘सडपातळ’ व ‘हडकुळा’ यांत आहे. हा भेद शब्दकोशात दिसत नाही, स्वरात दिसतो; म्हणूनच तो ऐकून शिकायचा आहे. कोणता शब्द तोंडावर बोलावा, कोणता पाठीमागेही बोलू नये, हे कळणे हा संभाषण समजण्याचाच भाग आहे. सरावासाठी वर्गातील मुलांची शरीरे कशाला हवीत? सर्वांना ठाऊक असलेला खेळाडू, नट, गल्लीच्या तोंडाशी बसणारा कल्पित भाजीवाला पुरेसा आहे. आणि वर्गातीलच कोणी निवडायचा तर त्याचे कपडे, त्याचा चष्मा, बसण्याची जागा, हसण्याची लकब एवढ्यावर वर्णन सहज चालते.

मोठे वर्ग, अपुरी साधने, शिक्षकांचे स्वतःचे उच्चार हे आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यातील शेवटच्या आक्षेपात फारसा दम नाही. जबलपूरच्या तरुणाला पुढे ज्यांचे इंग्रजी समजून घ्यायचे आहे त्यांत लंडनचे रहिवासी थोडे. चेन्नईचा अधिकारी, कोलकात्याचा प्राध्यापक, उच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील यांचीच संख्या अधिक असणार. तेव्हा अनेक परींचे भारतीय आवाज कानांवर पडणे अधिक उपयोगाचे आहे, आणि आता प्रत्येक घरात पोहोचलेल्या भ्रमणध्वनीमुळे ते अवघडही राहिलेले नाही. साधनांच्या अभावाचे म्हणाल तर शिक्षकाने पाच वाक्यांत एका माणसाचे वर्णन सहज गतीने बोलावे, दोनदाच बोलावे, फळ्यावर काहीही लिहू नये, आणि तो कोण हे वर्गाने ओळखावे, या खेळाला खडूसुद्धा लागत नाही. दुसऱ्या खेपेस दोन विद्यार्थ्यांनी आपापसांत बोलावे आणि उरलेल्यांनी ऐकावे. चुकीचे नाव सांगितले तर कोणता शब्द निसटला याचा शोध मराठीत किंवा हिंदीत घ्यावा. यातील प्रत्येक गोष्ट उद्याच्या तासाला करता येण्याजोगी आहे.

शाळा हे करीत नाहीत म्हणून ‘अस्खलित इंग्रजी बोला’ अशा पाट्या शहराशहरांतून लागतात आणि पालक फी भरतात. त्या वर्गांतून स्वतःविषयी पाठ केलेली दहा वाक्ये मिळतात. ती म्हणून झाली की समोरचा माणूस उत्तरादाखल काहीतरी विचारतो, आणि नेमके तेच ऐकायला कोणी शिकवलेले नसते. पाठ केलेल्या दहा वाक्यांपेक्षा समजलेला एक प्रश्न अधिक मोलाचा, हे त्या फीच्या पावतीवर कोणी लिहीत नाही. ज्याला फी परवडते तो निदान प्रयत्न करू शकतो. दीक्षितपुऱ्यातील ज्या घरात ती परवडत नाही, तेथील मुलीला सरकारी शाळेतील इंग्रजीचा तास एवढीच एक संधी आहे, आणि त्या तासात तिने वर्षभर एकही संभाषण ऐकलेले नसते.