कॅराव्हॅन न्या, पण फ्रिज अर्धा रिकामा ठेवा

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी आयटीवाल्याच्या भटकंतीचा एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या वर्षी ग्रेट ओशन रोड. मग फिलिप आयलंडचे पेंग्विन. मग सिडनी, आणि रजा शिल्लक असेल तर उलुरू. त्यानंतर भारतातून आई-बाबा येतात आणि परत एकदा ग्रेट ओशन रोड :-)

हल्ली या यादीत कॅराव्हॅनची भर पडली आहे. ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं. निळंशार आकाश, फोल्डिंगच्या खुर्च्या, मागे पांढरं घर आणि टेबलावर वाफाळते पोहे. लगेच "कुठून घेतलीस?", "भाडं किती?" सुरू. आम्हीही गेल्या सप्टेंबरात ही ट्रिप केली. मी, बायको आणि आई-बाबा. मेलबर्नच्या वायव्येला विमेरा आणि मॅली नावाचा गव्हाचा पट्टा आहे, तिथे सात दिवस.

प्रवासवर्णन लिहीत नाही, घाबरू नका. एक मत मांडायचंय, थोडं टोचेल कदाचित. कॅराव्हॅन जितकी स्वयंपूर्ण कराल तितकी ट्रिप वाया जाते. आणि नुकसान फक्त तुमचं होत नाही, ज्या गावांतून तुम्ही जाता त्यांचंही होतं.

आधी थोडं टेक्निकल, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ असतो. मोटरहोम म्हणजे इंजिन असलेलं घर. कॅराव्हॅन म्हणजे बिनइंजिनाचं घर, आपल्या गाडीमागे जोडून ओढायचं. ओढायला साधं कारचं लायसन्स चालतं. मात्र चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसं बसवणं बेकायदा आहे, त्यामुळे "आई मागे जरा आडवी होईल" हा प्लॅन डोक्यातून काढून टाका. मागच्या घराचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. २,००० किलोच्या वर गेलं की सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय जोड सुटलाच तर आपोआप लागणारी ब्रेकची सोय. गाडीच्या हुकवर येणारा भार एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. सामान मागच्या टोकाला कोंबलं की सगळं घर शेपटीसारखं झुलायला लागतं, आणि १०० च्या स्पीडला ते अजिबात गमतीचं नसतं.

आता आपली तयारी आठवा. १० किलो कणीक, तांदूळ, तीन डाळी, फ्रोझन पराठे, कुकर, मिक्सर, चकल्यांचे दोन डबे, वर ८०-९० लिटर पाणी. म्हणजे तेवढेच किलो. त्यामुळे फ्रिज अर्धा रिकामा ठेवा हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, पहिला मुद्दा शुद्ध भौतिकशास्त्राचा आहे.

दुसरा मुद्दा कळण्यासाठी त्या भागात जावं लागतं.

मेलबर्नहून हॉर्शमपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर. सप्टेंबरात कनोला फुललेला असतो, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत पिवळं. आई म्हणाली, "अरे, ही तर मोहरी!" फार चुकली नाही, कनोला मोहरीच्याच कुळातला. मध्येच एखादं गाव येतं. एक रुंद रस्ता, त्यावर एक पब, एक पोस्ट, दोन बंद दुकानं, मागे रेल्वेचा रूळ आणि रुळाला लागून काँक्रीटची अजस्र धान्यकोठारं. यांना सायलो म्हणतात.

ब्रिम गावातली ही कोठारं १९३९ ची, वापरातून गेलेली. गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने त्यांच्यावर चार शेतकरी रंगवले. जानेवारी २०१६ मध्ये हे काम पूर्ण झालं आणि जिथे कुणी थांबत नव्हतं तिथे गाड्यांची रांग लागायला लागली. मग आजूबाजूची गावंही पुढे आली. रुपान्युपला खेळाच्या युनिफॉर्ममधली गावातली तरुण मुलं आहेत. शीप हिल्सला तिथल्या आदिवासी समाजातले वडीलधारे आणि दोन लहान मुलं. लॅसेल्सला एक शेतकरी जोडपं, पॅचवॉलॉकला उन्हात डोळे किलकिले करून उभा असलेला उंच, सडसडीत शेतकरी. वाटेत रोझबेरीही आहे. सहा गावं, सुमारे २०० किलोमीटर.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे बघायला तिकीट नाही. गेट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर हे ओपन सोर्स आहे. आणि ओपन सोर्सचं जे होतं तेच इथेही होतं. डाउनलोड सगळे करतात, परत काही देणारे थोडे. ब्रिमला आम्ही तासभर बसलो होतो. तेवढ्यात एकामागून एक गाड्या येत होत्या. उतरायचं, चार फोटो, एक ड्रोन, डिकीतून सँडविच काढायचं, आणि निघायचं. गावाला मिळालं काय? टायरांची धूळ आणि भरलेली कचराकुंडी.

ही गावं ओसरत चालली आहेत, याला कुणी एक खलनायक नाही. यंत्रं मोठी झाली, तशी शेतं मोठी झाली. पूर्वी जिथे पाच कुटुंबं राबायची तिथे आता एक कुटुंब आणि एक कम्बाइन हार्वेस्टर. कुटुंबं गेली की शाळेचा पट कमी होतो, दोन गावांचे फुटबॉल क्लब एकत्र करावे लागतात, मग बँकेची शाखा जाते. त्यात १९९७ ते २००९ असा मोठा दुष्काळ पडून गेला. विदर्भ-मराठवाड्याच्या बातम्या वाचत मोठं झालेल्या माणसाला यातलं बरंचसं सांगावं लागत नाही.

पण यातल्या काही गोष्टी मला फोटो काढून कळल्या नाहीत, चहा विकत घेतल्यामुळे कळल्या.

रुपान्युपमध्ये आम्ही चहा आणि स्कोन घ्यायला थांबलो. (स्कोनमध्ये सहसा अंडं नसतं, शाकाहारी मंडळींनी विचारून निर्धास्त खावे.) काउंटरवरच्या बाईंनी बाबांना सहज विचारलं, तुम्ही भारतात काय करायचा? बाबा म्हणाले, "कोऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी." म्हणजे आपली पतसंस्था, ३१ वर्षं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही बरोबर गावात आलात. १९९८ मध्ये मोठ्या बँकांनी पाठ फिरवल्यावर रुपान्युप आणि शेजारच्या मिनिप या दोन गावांनी आपापसांत भांडवल गोळा केलं आणि बेंडिगो बँकेच्या मदतीने स्वतःची शाखा उघडली. ऑस्ट्रेलियातली ती पहिली कम्युनिटी बँक. बँकेचं लायसन्स आणि यंत्रणा बेंडिगोची, शाखा चालवणारी कंपनी गावकऱ्यांची, आणि नफ्यातला वाटा गावाच्या कामांना. हे मॉडेल नंतर देशभर पसरलं.

बाबांचा चहा थंड झाला. त्यांनी त्यांच्या इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. भांडवल किती जणांनी दिलं, थकबाकी कोण वसूल करायचं, संचालकांचे नातेवाईक कर्ज मागायला आले तर काय करता? शेवटच्या प्रश्नावर बाई इतक्या हसल्या की आतून दुसऱ्या बाई बघायला आल्या. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "आमचीपण अशीच सुरू झाली होती रे. शंभर-शंभर रुपये गोळा करून." आणि मग बराच वेळ बाहेर बघत बसले. बारा वर्षं आयटीत जाऊ दे म्हणून माझ्या मागे लागलेला हा माणूस स्वतः काय काम करत होता, हे मला तिथे, त्या टेबलावर पहिल्यांदा नीट कळलं. आमचं दुपारचं जेवण कॅराव्हॅनमध्ये तयार होतं. तिथेच जेवलो असतो तर हे झालं नसतं.

जवळच मर्टोआ गावात एक शेड आहे, तिला स्टिक शेड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात गव्हाची निर्यात अडली, गहू ठेवायला जागा नव्हती, स्टील मिळत नव्हतं. म्हणून १९४१-४२ मध्ये झाडांचे अख्खे बुंधे उभे करून कोठार बांधलं. ५६० खांब, २७० मीटर लांबी. २०१४ मध्ये तिचा राष्ट्रीय वारशाच्या यादीत समावेश झाला. आत गेल्यावर आईने नकळत पायातल्या चपलांकडे पाहिलं. देवळात आल्यासारखं वाटतं खरंच. तुटपुंज्या साधनांत, घाईघाईत बांधलेला 'टेंपररी फिक्स' ऐंशी वर्षं टिकतो, हे वाचून प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना भरून येईल.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण घरी सगळे ऐकलेत.

"आमच्या आई-बाबांना बाहेरचं चालत नाही." कबूल. बाबांना शुगर आहे, आई कांदा-लसूणसुद्धा चतुर्मासात खात नाही. म्हणून तर मी अर्धा फ्रिज म्हणतोय, पूर्ण रिकामा नाही. पोळी-भाजी, वरण-भात आपलाच करा. पण दूध, ब्रेड, भाज्या, फळं, बर्फ, डिझेल हे मेलबर्नहूनच भरून न्यायची गरज नाही.

"गावातलं महाग असतं." असतं. सुपरमार्केटच्या तुलनेत दुधामागे थोडे जास्त जातील. पण तुम्ही जिथे फुकट किंवा नाममात्र पैशात मुक्काम करता तिथलं पाणी, स्वच्छतागृह आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायचा डंप पॉइंट कुणीतरी पैसे घालूनच ठेवलेला असतो. (टाकी रिकामी करायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. आईने ते लांबून, पदर नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुला इंजिनियर केलं ते यासाठी?") अनेक गावं 'आरव्ही फ्रेंडली टाऊन' म्हणून पाटी लावतात. त्यामागचा हिशोब साधा आहे: आम्ही जागा देतो, तुम्ही गावात चार पैसे खर्च करा. आपण पहिला भाग घेतो आणि दुसरा विसरतो.

"तुझ्या एका कॉफीने गाव वाचणार आहे का?" नाही. शेतीचं अर्थशास्त्र कॉफीने बदलत नाही. पण बेकरी सोमवारी उघडायची की नाही, हे सोमवारच्या गल्ल्यावर ठरतं. तिथे एक कॅराव्हॅन म्हणजे चार गिऱ्हाईकं, आणि छोट्या गावात चार आकडा लहान नसतो.

मग करायचं काय? माझे नियम असे:

१. रोज एक गोष्ट मुद्दाम शिल्लक ठेवायची, जी गावातच घ्यावी लागेल. आम्ही सकाळचा ब्रेड आणि दुपारचा चहा ठेवला होता.

२. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचायचं. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि मागे दोन टनांचं घर असताना कचकन ब्रेक मारता येत नाही. भाड्याच्या अनेक करारांत गावाबाहेर रात्री चालवायला बंदीच असते. शिवाय लवकर पोचलं की गाव उघडं सापडतं. शनिवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, आणि पबचं किचन रात्री आठ-साडेआठलाच आवरतं.

३. डिझेल अर्ध्यावर आलं की पुढच्या गावात भरायचं. ते तुमच्याही फायद्याचं आहे. पेट्रोल पंपावर बऱ्याचदा एखादा पंजाबी किंवा गुजराती तरुण भेटतो, आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त गप्पा मारायच्या असतात.

४. नकाशा डाउनलोड करून ठेवा, पण रस्ता माणसाला विचारा. २०२४ मध्ये इथलं ३जी बंद झालंय आणि गावाबाहेर काही पट्ट्यांत फोन म्हणजे नुसतं घड्याळ. होपटाउनच्या तळ्याकाठी असंच विचारायला गेलो, तर एका आजोबांनी या भागातल्या पाण्याची अख्खी गोष्ट सांगितली. पूर्वी इथे हजारो किलोमीटरचे उघडे मातीचे कालवे होते, बहुतेक पाणी वाटेतच जिरायचं किंवा उडून जायचं. २०१० पर्यंत त्याजागी बंद पाईपलाईन टाकली. बाबांनी ते वहीत लिहून घेतलं, तालुक्यातल्या कुणालातरी दाखवायला.

५. आई-बाबांना पुढे करा. आपण इथे राहून "गुड, थँक्स, यू?" म्हणून सटकायला शिकलोय. ते अजून खरं उत्तर देतात.

पुढच्या लाँग वीकेंडचं बुकिंग आत्ताच सुरू झालं असेल. ग्रेट ओशन रोड कुठे पळून जात नाही, यावेळी गाडी वायव्येला वळवा. आणि सामानाची एक्सेल शीट कराल (करणारच, माहितीये मला!) तेव्हा 'गावात घेणे' असा एक कॉलम टाका.

पटलं तर बघा. नाही पटलं तर पोह्यांचे फोटो तरी पाठवा.