डीव्हीडीसाठी कुत्रे चालते, लेकरांसाठी नाही?

‘कुत्र्याला कसले प्रायोजक?’ हे गेल्या मंगळवारचे पत्र वाचून चहा कडू लागला. मुलांवरील अत्याचारांच्या तपासासाठी कंपन्यांनी नाशिक पोलिसांना एक खास शिकवलेले कुत्रे घेऊन द्यावे, एवढीच मूळ सूचना होती. पत्रलेखकांनी तिची टर उडवली. आधी मोकाट कुत्री आवरा म्हणे, आणि पोलिसांचे श्वान तर नेहमी ‘काही अंतरावर जाऊन घुटमळते’.

घुटमळते, खरे आहे. पोलीस पोचण्याआधी अख्खी गल्ली चोरीचे घर बघून आलेली असते. त्याने माग काढायचा तरी कोणाचा? आणि मोकाट कुत्री जेल रोडला रात्री माझ्याही स्कूटरमागे लागतात. पण त्याचा इथे काय संबंध?

या कुत्र्याला माणूस नाही, वस्तू शोधायची आहे. माझी 34 वर्षे प्रेसमध्ये गेली. (नाशिक रोडला प्रेस म्हणजे नोटांची, तुमच्यासारखी नव्हे.) रोज सुटताना गेटवर झडती दिली आहे, त्यामुळे हाताच्या झडतीत काय सापडते आणि काय निसटते हे मला कोणी शिकवू नये. मेमरी कार्ड नखाएवढे असते. पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यातल्या फोटोमागे, स्विचबोर्डात, कुठेही मावते. तीन खोल्यांचा फ्लॅट उलथापालथा करायला किती हवालदार लावणार?

आणि खटला त्या नखाएवढ्या तुकड्यावरच उभा असतो. मुलांच्या शोषणाचे चित्रण साठवणे, ते न मिटवणे, न कळवणे हेही पोक्सोच्या कलम 15 खाली गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी बजावले. कार्डच हाती लागले नाही तर ते कलम काय चाटायचे?

अमेरिकेत कनेटिकटच्या पोलीस प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाने पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, मेमरी कार्ड या सगळ्यांत असणारे एक रसायन हुडकले. त्या वासावर तिथे लॅब्राडोर तयार करतात. वास दाखवला तर घास, एरवी नाही. सँडविचच्या जाहिरातींत झळकणाऱ्या जेरेड फोगलच्या घरातून जुलै 2015 मध्ये, माणसांच्या नजरेतून सुटलेला पेन ड्राइव्ह ‘बेअर’ नावाच्या अशाच काळ्या कुत्र्याने काढून दिला. फोगलला पंधरा वर्षांवर शिक्षा झाली.

आता ‘कसले प्रायोजक’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. 2007 मध्ये मलेशियात लकी आणि फ्लो ही कुत्र्यांची जोडी चोरट्या डीव्हीडी हुंगत गोदामे पालथी घालत होती. त्यांचा खर्च हॉलीवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेने उचलला होता. इतका माल पकडला की त्यांच्या डोक्यावर इनाम लागल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे सिनेमाचा गल्ला राखायला कुत्र्यांना प्रायोजक मिळतात, आणि लेकरांसाठी मागितले की ती चेष्टा!

आपल्याकडे जमेल का, हा प्रश्न तर विचारूच नये. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत 3,329 किलो आरडीएक्स शोधणारा झंजीर हा श्वान पुण्यातच शिकला होता. 2023 मध्ये लिओ नावाच्या डॉबरमनने मुंबईत सहा वर्षांच्या बेपत्ता मुलाला त्याच्या टी-शर्टच्या वासावरून गाठले. नाक आपल्याकडेही आहे, फक्त त्याला नवा वास शिकवायचा आहे.

हे सरकारचे काम, मान्य. पण सरकार आता 2027 च्या सिंहस्थात गुंतले आहे आणि पोरांना तोवर थांबा असे सांगता येत नाही. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावेच लागतात. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांनी त्यातून एक कुत्रे, त्याचा हँडलर शिकवण्याचा खर्च आणि दहा वर्षांचे खाणे-औषध उचलावे. अट एकच, कुत्र्याच्या जॅकेटवर कंपनीचे नाव नको. नावे झळकवायला बिटको चौक आहेच. तिथल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर परवा मी अकरा चेहरे मोजले, सिग्नल मात्र दिसला नाही. त्या फ्लेक्सना बरे प्रायोजक मिळतात!

माझ्याकडून एका महिन्याची पेन्शन. चेक कोणाच्या नावाने काढायचा, तेवढे छापा.

— एक निवृत्त प्रेस कामगार, जेल रोड, नाशिक रोड