‘मायसेल्फ’ म्हणजे कोण?

एसएसबीला निघालेल्या आपल्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम सातारा.’ शहरी पोरे त्यावर हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. पण चूक आहे, ती वेळीच दुरुस्त व्हायला हवी. ‘मायसेल्फ’ म्हणजे सुटाबुटातला ‘मी’ नव्हे. कर्ता ‘आय’ असेल आणि क्रिया त्याच्यावरच उलटली, तर तो येतो : ‘आय हर्ट मायसेल्फ.’ ओळख करून द्यायला साधे ‘आय अ‍ॅम’ पुरते.

खरी गंमत उच्चारात आहे. आपला ‘मी’ म्हणजे इंग्रजांचा ‘आय’ आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. गोंधळ झाला की जोडीदाराला वाक्यातून बाजूला काढून पाहा. ‘सीओंनी सुभेदार साहेबांना आणि मला बोलावले.’ यातून सुभेदार साहेब वगळले, तर इंग्रजीत ‘कॉल्ड मी’ उरते. म्हणजे ते परत आले तरी ‘मी’च राहणार. तिथे ‘अँड आय’ म्हणणे अधिक सुसंस्कृत वाटते, पण चूकच. मात्र दर ‘मला’चा ‘मी’ करू नका. मराठीत ‘मला भूक लागते’; इंग्रजीत ‘आय अ‍ॅम हंग्री’.

दुसरी अडचण आपल्या आदराची. ‘सीओ साहेब आले, ते म्हणाले’ याचे ‘दे सेड’ केले, की ऐकणारा दुसरा अधिकारी शोधू लागतो. इंग्रजीत आदर ‘सर’मध्ये ठेवा, सर्वनामात ‘ही’ किंवा ‘शी’च हवे. व्यक्ती कोण हे ठाऊक नसेल तेव्हा मात्र ‘दे’ चालते, आणि आता ते लागतेही. 2022 मध्ये खडकवासल्याला एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, 2025 मध्ये ती बाहेर पडली. तरीही प्रत्येक कॅडेटसाठी ‘ही’ आणि ‘हिज’ लिहिणे आता कामचुकारपणा आहे.

हे सगळे मास्तरकीचे वाटत असेल, तर अपघाताचा अहवाल घ्या. ‘ड्रायव्हरने को-ड्रायव्हरला सांगितले, की ही हॅड नॉट चेक्ड द ब्रेक्स.’ ब्रेक कोणी तपासले नाहीत? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, कागदाला नाही. चार महिन्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर तो कागदच बोलतो, आणि एका दोन अक्षरी शब्दापायी भलत्याच जवानाच्या नोकरीला डाग लागू शकतो. अशा ठिकाणी सर्वनाम टाळा. हुद्दा आणि नाव पुन्हा लिहा, वाक्य बोजड झाले तरी चालेल. युनिटमध्ये तामिळ, डोगरा, आसामी, मराठा सगळे हिंदीत बोलून एकमेकांना समजून घेतात. कागद मात्र इंग्रजीत असतो आणि तो कोणालाच समजून घेत नाही.

गावोगावी भरतीची तयारी करून घेणाऱ्या माजी सैनिकांना म्हणून एक विनंती. पोरांकडून दौड घेता, दंड-बैठका घेता, तशी रोज दहा मिनिटे ‘आय’ आणि ‘मी’ची कवायतही घ्या. हसून नव्हे, मराठीतून समजावून. फाडफाड इंग्रजी नाही आली तरी बिघडत नाही. कोणी काय केले, हे नेमके सांगता आले पाहिजे.

जय हिंद.